स्टॉकहोमच्या वेगळ्या चुली

ऑकलंडजवळच्या आमच्या पापाकुराच्या घरात एक काका होते आणि एक काकू होत्या, पण ते नवराबायको नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे याच गोष्टीपायी भर वर्गात माझी फजिती व्हायची आहे. काकू मूळच्या नाशिकच्या, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं आणि त्यातल्या खोल्या आम्हाला दिल्या होत्या. त्यांचे यजमान दोन हिवाळे इथे काढून, "मला हाडं गोठवून घ्यायची नाहीत," असं जाहीर करून नाशिकला परतले होते आणि दर रविवारी फोनवर काकूंशी मनसोक्त भांडत. घरातले काका जळगावचे. त्यांची बायकोमुलं तिकडे व्हिसाची वाट बघत होती. काका ते रापा नावाच्या दूरच्या गावात दुधाच्या फॅक्टरीत शिफ्ट करायचे, चार दिवस तिकडेच एका मित्राकडे राहायचे आणि सुट्टीचे चार दिवस आमच्याकडे. तिसऱ्या ताई, पुण्याच्या फार्मसिस्ट. इथली परीक्षा डोक्यावर असल्यामुळे त्या आंघोळ करताना औषधांची नावं आरतीच्या चालीवर म्हणत. चौथी मी, सांगलीहून कॉमर्स शिकायला आलेली. काका काकूंना वहिनी म्हणत, काकू काकांना भाऊजी म्हणत आणि ताई दोघांनाही वैतागल्यावर "अहो तुम्ही" म्हणत.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटे ड्यूटीवरून आलेल्या काकूंचे बूट, ऑइल हीटरची टकटक, मागून जाणारी ऑकलंडची गाडी आणि फ्रिजचं दार उघडून "माझं दूध कोणी घेतलं?" असा निघणारा सवाल. दूध ज्याचं त्याचं वेगळं होतं, झाकणावर नावं होती, तरी हा सवाल रोज निघे आणि त्याला कोणी उत्तर देत नसे. जेवण मात्र एकत्र. काकू सिल्व्हरबीटची ताकातली पातळ भाजी करायच्या आणि ती पालकाची नाही असं म्हणण्याची कोणाची टाप नव्हती. उपासाला कुमारा म्हणजे इथली रताळी. शेजारच्या झाडाचे फिजोआ, म्हणजे पेरूसारखी हिरवी फळं, पडू लागले की त्यांची कोशिंबीर, मुरांबा, चटणी. एकदा तर काकूंनी त्यांचं भरल्या वांग्यासारखं काहीतरी केलं होतं. ते खाऊन जळगावचे काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. हल्ली मी सुपरमार्केटात फिजोआ बघते, तेव्हा हसूही येतं आणि तोंडाला पाणीही सुटतं.

आता टीव्ही. वर्षातून एकदा कौन्सिलवाले लोकांची जुनी अवजड अडगळ उचलून न्यायचे. त्यासाठी लोक सोफे, गाद्या, यंत्रं घराबाहेर गवतावर आणून ठेवत. ते दिवस म्हणजे काकांची दिवाळी. अशाच एका गवतावरून त्यांनी हा टीव्ही आणला होता आणि मागचं झाकण उघडून तो दुरुस्तही केला होता. दुरुस्तीत एवढंच झालं की चित्र खाली सरकलं. वर काळी पट्टी आणि खालचा भाग पार गायब. हिंदी सिनेमातल्या नट्या आमच्याकडे पायांशिवाय नाचायच्या. हवामानाच्या नकाशात दक्षिणेकडची गावं दिसत नसत, पण तिकडे आमचं कोणी नव्हतं. क्रिकेटचा स्कोअर खाली यायचा, म्हणून काका मॅच टीव्हीवर बघत आणि स्कोअर रेडिओवर ऐकत. "चित्र बघा की, किती क्लिअर आहे," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत.

मला सिनेमात काडीचा रस नव्हता. पण माझ्या कोर्सला कॉमर्सबाहेरचा एक पेपर घ्यावाच लागायचा. इथे विषयाला पेपर म्हणतात. कोणीतरी सांगितलं, फिल्मचा घे, नुसतं सिनेमे बघायचे असतात. मी घेतला. शिकवणाऱ्या बाईंना हेलन म्हणायचं, मॅडम नाही. त्या वर्गात आल्या की जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून टेबलाखाली सारायच्या आणि अनवाणी फिरत शिकवायच्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंनी वर्गाला देवघर मानलंय. मग कळलं, त्यांना नुसतं गरम होत होतं. शेवटच्या परीक्षेऐवजी प्रत्येकाने एका दुर्लक्षित सिनेमावर वर्गापुढे बोलायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि मला निघाला महायुद्धानंतरचा एक स्वीडिश सिनेमा. काळापांढरा, नाव म्हणजे स्टॉकहोमातल्या कुठल्यातरी गल्लीचं नाव, आणि तो आजवर कोणी फारसा पाहिलेला नाही अशी त्याची ख्याती. इकडे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सांगलीहून निघतानाच बजावलं होतं, एक जरी विषय राहिला तरी पुढचं विमान पकडायचं आणि घरी यायचं. आप्पा बोलतात ते करतात. माझे बाकीचे विषय झाले होते, तेव्हा माझं इथे राहणं आता त्या गल्लीवर अवलंबून होतं.

लायब्ररीतून टेप आणली ती नेमकी काकांच्या सुट्टीच्या दिवशी. मी एकटीने बघायचं म्हणत होते, पण आमच्या घरात एकटीने काही करायची सोय नव्हती. काकू सिल्व्हरबीट निवडायला घेऊन पुढ्यात बसल्या, ताई पुस्तक उघडून आणि त्यात न बघता बसल्या, काकांनी टेप लावली. एक तरुण मुलगी हातात पेटी घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर येते. दार एक टोपीवाली म्हातारी उघडते, मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि न बोलता बाजूला होते.

"नवी सून आली," काकू म्हणाल्या. "बघा, ओवाळायला कोणी नाही."

"तिकडे ओवाळत नसतील, वहिनी."

"निदान पाणी तरी विचारतील की नाही, भाऊजी?"

मग स्वयंपाकघर आलं. एकच शेगडी, तिच्यावर पाच कॉफीची भांडी, आणि भिंतीवर पाच लहान कपाटं, प्रत्येकाला कुलूप. एक चौकोनी चेहऱ्याचा माणूस स्वतःच शर्टाला इस्त्री करतोय, एक मिशीवाला काटकुळा खुर्चीत बसून प्रचंड मोठं व्हायोलिन वाजवतोय, एक जाड बाई दोघांवर डाफरतेय, आणि म्हातारी आपल्या भांड्यावर झाकण ठेवून पहारा देतेय. काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. "चुली वेगळ्या झाल्यात यांच्या," त्या म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांना एकदम सिनेमा समजला. भाऊ वेगळे निघालेत, जागा नाही म्हणून एकाच घरात राहतायत. म्हातारी सासू. इस्त्रीवाला थोरला, डाफरणारी त्याची बायको. व्हायोलिनवाला धाकटा, बिनकामाचा, आणि ही नवी त्याच्या गळ्यात बांधलेली. ते व्हायोलिन वडिलार्जित असणार, असं काकांचं मत पडलं, कारण थोरला त्याच्याकडे सारखा रागाने बघत होता.

सगळं छान जुळत होतं. धाकट्याने जिन्यात मुलीचं चुंबन घेतलं, तेव्हा काका उठून व्हिडिओची वायर तपासायला गेले. पण नवराबायको आहेत म्हटल्यावर काकूंनी चालवून घेतलं. घोटाळा पुढे झाला. थोड्या वेळाने त्याच जिन्यात इस्त्रीवाल्याने तिचं चुंबन घेतलं आणि ती काही बोलली नाही. काका पुन्हा वायरकडे.

"काका, हा वेगळा माणूस आहे. हंड्रेड परसेंट," ताई म्हणाल्या.

"तोच आहे. मिशी काढली."

"अहो, मघाशी तर होती!"

"सिनेमात मधे दिवस जातात, ताई. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चेहरे सारखेच दिसतात."

शेवटी काकूंनी निकाल दिला. "मिशीच काढली असणार. आपल्या घरात असलं चालत नाही." आपल्या घरात म्हणजे स्टॉकहोममधल्या. पडद्याच्या तळाशी अधूनमधून काहीतरी पांढरं वळवळायचं, ते काय म्हणून मी विचारलं. जुनी फिल्म आहे, ओरखडे असतात, असं काकांनी सांगितलं. त्यांनी टीव्ही दुरुस्त केलेला असल्यामुळे त्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

आणि खरं सांगू, मला तो सिनेमा मनापासून आवडला. इतक्या वर्षांत मी पुष्कळ सिनेमे पाहिले, पण एवढं मोठं शहर कोणी एका जिन्यात बसवलेलं पाहिलं नाही. शहर बाहेर होतं, पण ते दाखवायचेच नाहीत. नुसता रात्रीच्या ट्रामचा उजेड त्या मुलीच्या छतावरून सरकत जायचा आणि ती अंथरुणात पडून तो मोजल्यासारखी बघायची. वरच्या मजल्यावर कोणीतरी सारखं चालायचं, ते कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. शेवटी ती मुलगी पेटी घेऊन निघते. सगळ्यांची दारं बंद. फक्त म्हातारी जिन्याच्या तोंडाशी येते आणि काहीतरी बोलते. मुलगी थांबते, मान हलवते, उतरून जाते. "परत तोंड दाखवू नकोस म्हणाली," काकूंनी सांगितलं आणि पदराला नाक पुसलं. ताईही रडल्या. त्यांनी ते परीक्षेच्या टेन्शनवर ढकललं.

वर्गात मी मोठ्या आत्मविश्वासाने उभी राहिले. बोलण्याआधी फळ्यावर वंशावळ काढली. वर सासू, तिच्याखाली दोन मुलगे, त्यांच्या शेजारी सुना, आणि व्हायोलिनपासून थोरल्यापर्यंत एक वाकडी रेघ, वर लिहिलं प्रॉपर्टी डिस्प्यूट. वेगळ्या चुली म्हणजे काय, हे मी इतक्या तळमळीने समजावलं की मागच्या बाकावरचा एक मुलगा लिहून घ्यायला लागला. मिशीचा मुद्दाही मी सोडला नाही. मग खसखस सुरू झाली. हेलन हसत नव्हत्या. त्या अनवाणी फळ्याजवळ आल्या.

"यांची भाषा तुला कळली का?"

"नाही. त्या टेपला सबटायटल्स नव्हते, म्हणून आम्ही चेहऱ्यांवरून समजून घेतलं."

"सबटायटल्स आहेत की," हेलन म्हणाल्या. "खाली."

माझ्या डोळ्यांपुढे ते ओरखडे आले. हेलननी शांतपणे सांगितलं की ही माणसं एकमेकांची कोणी नाहीत. युद्धानंतर शहरात घरं मिळत नव्हती, म्हणून ही सगळी अनोळखी माणसं एका घरात एकेक खोली घेऊन राहताहेत. "दे आर जस्ट फ्लॅटिंग," त्या म्हणाल्या, आणि वर्गात हशा फुटला. मागचा मुलगा लिहिलेलं खोडायला लागला. मी कपाळाला हात लावला, आणि हाताला मार्करची शाई होती.

"आम्ही म्हणालीस. तू कोणाबरोबर बघितलास?"

"माझ्या फॅमिलीबरोबर."

"ते इथे आहेत? कोण कोण?" बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, काका म्हणजे वडिलांचे भाऊ, काकू म्हणजे काकांची बायको, ताई म्हणजे बहीण. बाई म्हणाल्या, छान, तेही काढ फळ्यावर. मी काढायला गेले. काका काढले, शेजारी काकू काढल्या आणि हात थांबला. काकूंचा नवरा नाशिकला. काकांची बायको जळगावला. काका माझ्या आप्पांचे भाऊ नव्हेत, आप्पांनी जळगाव पाहिलेलंही नाही. ताईंचं आडनाव मला धड आठवेना. फळ्यावर ताई आणि मी धरून चार नावं झाली आणि त्यांच्यात ओढायला एकही रेघ नव्हती. हसणं केव्हाच थांबलं होतं. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि ते नापास होण्यामुळे नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

हेलननी मला नापास केलं नाही. त्या म्हणाल्या, शुक्रवारी पुन्हा बोल, त्याआधी कॉलेजातल्या टीव्हीवर सिनेमा पूर्ण बघ. मी एकटीने बघितला. पहिल्यांदाच मला लोकांचे पाय दिसले. आमच्या घरात रचलेलं भयंकर राजकारण त्यात कुठेच नव्हतं. ती माणसं बोलत होती ते असं, की हा चमचा कोणाचा, जिना झाडायची पाळी कोणाची, माझं दूध कोणी प्यायलं. दोन पुरुष खरोखर दोन होते. आणि शेवटी जिन्याच्या तोंडाशी येऊन ती म्हातारी त्या परक्या मुलीला विचारते, "हातमोजे घेतलेस का?" बास, एवढंच.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, हातमोज्यांचं सोडून. ते माझ्याच्याने सांगवेना. काका टीव्हीकडे अशा नजरेने बघायला लागले की मला त्यांची दया आली. काकूंना मात्र पटलं नाही.

"परकी माणसं? परकी माणसं दुधावरून भांडतात का कधी? परकी माणसं सॉरी म्हणतात आणि दार लावून घेतात."

"काकू, बाईंना माहीत आहे. त्या शिकवतात हे."

"शिकवू देत. शुक्रवारी माझी सुट्टी आहे. मी विचारते त्यांना."

मी गयावया केली. पण काकू एकदा ठरवलं की हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनाही आवरत नसत. शुक्रवारी आम्ही सगळे गाडीने गेलो. काकू साडी, त्यावर जाडजूड जॅकेट, हातात चकल्यांचा डबा. काकांनी फॅक्टरीच्या वार्षिक समारंभासाठी घेतलेला टाय लावला होता. ताई औषधांचं पुस्तक घेऊन आल्या होत्या. वर्गातल्या पोरांनी चकल्या घेऊन मागच्या बाकावर जागा करून दिली. हेलन "किया ओरा" म्हणाल्या आणि काकूंनी दोन्ही हात जोडले. मग काकूंनी बाईंच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि आपल्या चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.

मी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही, छतावरच्या ट्रामच्या उजेडाबद्दल काहीतरी बोलले. शेवटचा प्रसंग दाखवायचा होता. दिवे गेले, मोठ्या पडद्यावर जिना आला, मुलगी पेटी घेऊन निघाली. म्हातारी पुढे आली, बोलली, आणि खाली अक्षरं उमटली. काकूंनी ती वाचली. मग अंधारात मागच्या बाकावरून काकूंचा वॉर्डभर पोचणारा आवाज आला:

"बघ! म्हटलं नव्हतं, सासूच आहे!"

दिवे लागले. काकू डोळे पुसत होत्या आणि मला बोटाने दाखवत होत्या, सांग बाईंना, सांग. हेलननी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी भाषांतर केलं. वर्ग हसला. काका उभे राहिले आणि टाय सारखा करून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, व्हिच वन इज हजबंड?" बाई म्हणाल्या, दोघांपैकी कोणीही नाही, तिचं लग्नच झालेलं नाही. काका बसले ते गाडी पापाकुराला पोचेपर्यंत बोलले नाहीत.

"तर ती सासू आहे का?" हेलननी मला विचारलं.

मी म्हटलं, सिनेमात तसं नाही. पण माझ्या घरी हातमोजे घेतलेस का असं विचारणाऱ्या बाईला काहीतरी म्हणावंच लागतं, नुसतं नावाने हाक मारता येत नाही. मी त्यांना काकू म्हणते. त्यांचं नाव काय, असं हेलननी विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही. त्या "स्वीट अ‍ॅज", म्हणजे इथल्या भाषेत झकास, म्हणाल्या, आणखी एक चकली घेतली आणि मी पास झाल्याचं तिथेच सांगून टाकलं.

परतीच्या गाडीत काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. ताई समोर पुस्तकात, काका पलीकडे खिडकीशी. मला वाटलं होतं, काकू विजयाच्या गप्पा मारतील, पण त्या डबा मांडीवर फिरवत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "त्या मुलीचं पुढे काय झालं असेल गं?"

"सिनेमा तिथेच संपतो, काकू."

"संपतो काय! कोणाकडे गेली, कोणी विचारायचं नाही?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू पास झालीस. म्हणजे आता नोकरी लागेल, ऑकलंडात जवळ जागा घेशील."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इतके दिवस नापास होऊन सांगलीला जायला घाबरत होते. पास झाल्यावरही हे घर सुटणार, हा विचार मी केलाच नव्हता. मला एकदम फार वाईट वाटलं. मी नुसता काकूंचा हात धरला. तो चकल्यांच्या तेलाने ओशट झाला होता. काकूंनी तो सोडवून घेतला नाही.

"जाशील तेव्हा सांगून जा," त्या म्हणाल्या. "आणि त्या बाईंना काहीही म्हणू देत. सासूच होती ती."